इंजिन खाली, गाडी उभी

टाटा 1613, साल 2007, पासिंग एमएच-10. मालक वाळवा तालुक्यातले, सत्तरीला टेकलेले. गॅरेजात सगळे त्यांना अण्णा म्हणतात. गाडी पुण्याहून लोखंडी पत्रा भरून सांगलीला निघाली होती. खंडाळ्याच्या बाजूने खंबाटकी चढताना पाण्याचा काटा लाल रेघेत गेला. ड्रायव्हरने विचार केला, एकदा माथा आला की थांबू. माथ्याच्या अलीकडेच पांढरा धूर निघाला, ओढ गेली आणि इंजिन जाम झालं. मग त्याने घाबरलेला माणूस करतो तेच केलं. बादली आणली आणि तापलेल्या इंजिनावर गार पाणी ओतलं.

ते इंजिन आता कराडच्या कोल्हापूर नाक्यापुढच्या एका गॅरेजात लाकडी ठोकळ्यांवर पडलं होतं. चेंबरमधून ऑईल काढलं ते दुधाळ, म्हणजे पाणी आत शिरलेलं. हेडला दोन व्हॉल्व्हच्या मधल्या पट्टीत बारीक तडा. पाचव्या आणि सहाव्या सिलिंडरच्या भिंतींवर उभे ओरखडे; पिस्टनचं ॲल्युमिनियम भिंतीला चिकटून ओढलं गेलेलं. पाण्याचा पंप इंजिनाच्या तोंडाशी असतो. मागच्या सिलिंडरांपर्यंत पाणी जातं तेव्हा ते वाटेतच तापलेलं असतं, म्हणून पहिला मार मागेच बसतो.

अण्णांसोबत त्यांचा पुतण्या होता. साताऱ्याच्या एमआयडीसीत एका वाहतूकदाराकडे तो गाड्यांचा हिशेब बघतो. माझ्या जीपची क्लचप्लेट यायची होती, त्यामुळे मला उठून जाण्याची घाई नव्हती, आणि खरं सांगायचं तर इच्छाही नव्हती.

पुतण्या: अण्णा, स्पष्ट बोलतो, रागावू नका. ही भंगारात घाला. चाकं, पाटे, गिअर पेटी वेगळी विकू. उरलेल्याचं सरकारी भंगार केंद्रातून सर्टिफिकेट घेऊ. नव्या गाडीच्या करात सवलत मिळते.

अण्णा: घालतो की. पन मग कार्तिकात ऊस कशात भरू? तुझ्या टेबलावर?

पुतण्या: नव्या गाडीत. जीएसटी उतरलाय. गेल्या सप्टेंबरच्या 22 तारखेपासून ट्रकवर 28 टक्क्यांचे 18 झालेत. अशी वेळ पुन्हा येत नाही.

अण्णा: दर उतरला म्हंजी फुकाट झाली न्हाई. आधी हिला झालंय काय ते तर बघू. मिस्त्री, बोला.

मिस्त्री बोलण्याआधी हात पुसतात. घाईने उत्तर देणाऱ्यांपैकी नव्हेत.

मिस्त्री: हे 6बीटी इंजिन. ह्याला लायनर नसतो, ब्लॉकमध्येच बोअर, 102 मिलिमीटरचा. ह्याचा बोअर अजून एकदाही वाढवलेला नाही. अर्धा मिलिमीटर वाढवला की ओव्हरसाइज पिस्टन बसतो. नंतर परत बिघडलं तर एक मिलिमीटरपर्यंत जाता येतं, त्याच्यापुढं स्लीव्ह. ब्लॉक मेलेला नाही. क्रँकचं माप घ्यावं लागंल. पानी मिसळलेल्या ऑईलवर बेरिंगं चालली असतील तर ग्राइंडिंग आलं.

पुतण्या: आणि हेड?

मिस्त्री: तडा गेलेलं हेड मी बसवत नाही. वेल्डिंग करून देनारे हैत, दोन म्हयने चालतं. दुसरं घ्यायचं. जुनं मिळालं तर पान्यात बुडवून प्रेशर दिऊन बघायचं, मगच पैसे मोजायचे.

अण्णा: म्हंजी फुल इंजिन.

मिस्त्री: फुलच. निम्मं करायचं असंल तर दुसरीकडं न्या.

हे शेवटचं वाक्य मला आवडलं. ट्रकवाल्यांचा पैसा सगळ्यात जास्त कुठे जात असेल तर तो निम्म्या कामात. ज्या दोन सिलिंडरना ओरखडे आहेत तेवढ्यांचेच पिस्टन बदलायचे, बाकीच्या चारांना नुसत्या रिंगा, क्रँकला हात लावायचा नाही, हेड जरा घासून घ्यायचं. बिल अर्ध्यावर येतं आणि सहा महिन्यांत गाडी ऑईल खायला लागते. मग तेच इंजिन दुसऱ्यांदा उतरवायचं. उतरवायची आणि चढवायची मजुरी तर दोन्ही वेळा तेवढीच.

पुतण्याने हा मुद्दा उचलला, पण आपल्या बाजूने.

पुतण्या: म्हणजे पैसा पूर्ण घालायचा, आणि तोही एकोणीस वर्षांच्या गाडीत. पुढच्या वर्षी वीस पूर्ण होतील. गेल्या नोव्हेंबरात केंद्राने जुन्या गाड्यांच्या फिटनेसची फी वाढवली, माहीत आहे ना? वीस वर्षांवरच्या अवजड ट्रकला 25,000 रुपये. वर पर्यावरण कर. ही गाडी ठेवायचीच नाही, असं सरकारच सांगतंय.

अण्णा: सरकार काय बी सांगतंय. हप्ता सरकार भरनार हाय का?

पुतण्या: हप्त्याचा हिशेब मी केलाय. समजा जुनीचे पैसे आणि घरातली थोडी पुंजी घालून 20 लाखांचं कर्ज काढलं. दहा टक्के व्याज, पाच वर्षं. महिन्याला साधारण 42,500.

अण्णा: वर्साचे पाच लाख झाले की रं.

पुतण्या: पाच लाख दहा हजार. पण नवी गाडी डिझेल कमी खाते. ही भरलेली चार किलोमीटर देते. नवी साडेचार देईल असं धरू. वर्षाला 60,000 किलोमीटर पळवली तर हिला 15,000 लिटर लागतं, नवीला तेरा हजार तीनशेच्या आसपास. लिटरला 90 रुपये धरले तर दीड लाख तिथेच वाचले.

अण्णा: साठ हजार? माझी गाडी नोव्हेंबर ते मार्च उसाला, मधनं आधनं सांगलीच्या मार्केट यार्डात हळद. कारखान्याच्या काट्याजवळ नंबर लागंस्तवर रातभर उभी असते. बारा हजार पळाली तरी लई झालं.

पुतण्या गप्प बसला. त्याने फोनवर आकडे घातले, मीही मनात घातले. बारा हजार किलोमीटरला जुनीला 3,000 लिटर लागतात आणि नवीला 2,667 लिटर. वर्षाची बचत तीस हजार, हप्ता पाच लाख दहा हजार. दोन्ही गाड्या त्याच, दर तोच. बदललं फक्त काम.

मला वाटतं, जुन्या ट्रकवरच्या बहुतेक वादांत नेमका हाच आकडा कोणी मांडत नाही. गाडी किती जुनी, इंजिन किती बिघडलं, याच्यावर तास घालवतात. गाडी वर्षाला किती पळणार हा प्रश्न मागे राहतो. पाच महिने फडात, कच्च्या रस्त्यावर आणि कारखान्याच्या रांगेत, उरलेले महिने झाडाखाली, अशा गाडीला कर्जाचा हप्ता मात्र बाराही महिने लागतो. उसाच्या गाडीसाठी नवा ट्रक घेणाऱ्यांना उन्हाळ्यात मिळेल त्या भाड्याने मिळेल तिकडे जावं लागतं, ते याच हप्त्यापायी.

पण पुतण्या हरायला आला नव्हता.

पुतण्या: ठीक आहे, उसाला जुनी चालेल. मग ही खंबाटकीत कशाला गेली? पुण्याचा पत्रा कोणी घेतला? तुम्हीच ना! उन्हाळ्यात गाडी बसून राहते म्हणून लांबचं भाडं घेतलं. हंगामातल्या पाच महिन्यांत ही तग धरते, कारण सगळा मुलूख सपाट. इस्लामपूर ते साखराळे, रेठऱ्याचा कारखाना, फार तर कराडला सह्याद्री. कुठे घाट लागतो? ती घाटात नेली आणि तिथेच बसली.

अण्णा: त्या डायवरानं काटा बघाया नगं?

पुतण्या: नव्या गाडीने ड्रायव्हरला विचारलंच नसतं. पाणी तापलं की तिने स्वतःच ताकद कमी केली असती. पिस्टन चिकटायची वेळच आली नसती.

अण्णा: व्हय. आनि मला घाटात मधीच उभं केलं असतं, मागं कोसभर रांग! आपल्या शेजाऱ्याची नवी बीएस-6 गाडी बघ की. दिवा लागला, पिकअप गेला. कुनाला बी उघडता येईना. कंपनीचा मानूस ती स्कॅनरची पेटी घेऊन येईपत्तुर तीन दिस गाडी धाब्यावर.

पुतण्या: त्यानं टाकीत धूर साफ करणारा युरिया स्वस्तातला भरला होता, अण्णा. सेन्सरने ओळखला. आणि तुम्ही रेडिएटरमध्ये काय भरत होता?

अण्णा: पानी.

पुतण्या: कुठलं?

अण्णा काही बोलले नाहीत. उत्तर मिस्त्रींनी दिलं. त्यांनी रेडिएटरची वरची टाकी उघडून ठेवली होती. नळ्यांच्या तोंडांवर पांढरट-तपकिरी खार जमलेला. निम्म्याहून जास्त नळ्या बंद. वाळव्याच्या बोअरचं पाणी वर्षानुवर्षं. सपाटीवर, हळू चालीत उरलेल्या नळ्या इंजिन कसंबसं गार ठेवत होत्या. पुण्याचा पत्रा भरून चढ सुरू झाला, तेव्हा त्या पुरल्या नाहीत.

आणखी एक गोष्ट निघाली. थर्मोस्टॅट जागेवर नव्हता. मागे कधीतरी कुठल्या तरी गॅरेजात तो काढून टाकलेला. आपल्याकडे ही सर्रास पद्धत: गरम देशात हा वॉल कशाला, पाणी मोकळं फिरू दे. ऐकायला पटतं. पण या इंजिनात पाण्याला दोन वाटा असतात, एक रेडिएटरकडे आणि दुसरी आतल्या आत वळून पंपाकडे. इंजिन तापलं की थर्मोस्टॅट रेडिएटरची वाट उघडतो आणि आतली बंद करतो. तो काढला की आतली वाट कायमची उघडी राहते. काही पाणी रेडिएटरचं तोंड न बघताच परत फिरतं. गार राहावं म्हणून जो वॉल काढला, त्याच्याअभावी इंजिन ऐन घाटात तापतं, आणि थंडीच्या सकाळी गार राहून झिजतं ते वेगळंच.

तेव्हा नवीला नासका युरिया चालत नाही आणि जुनीला खारं पाणी चालत नाही. दोन्ही ठिकाणी चूक टाकीत ओतणाऱ्या हाताची. फरक इतकाच, की नवी रुसून रस्त्यात उभी राहते, जुनी काही न बोलता राबते आणि एक दिवस सगळंच घेऊन बसते. दोन्हींपैकी कुठला स्वभाव बरा, हे मालकाच्या खिशावर आणि जवळच्या मिस्त्रीवर ठरतं.

मिस्त्रीचं म्हणाल तर अण्णांची बाजू इथे जड आहे, आणि ती नुसती जिव्हाळ्याची नाही. सातारा-सांगलीला लोखंड नवं नाही. 1910 मध्ये औंध संस्थानात, कुंडल स्टेशनजवळच्या माळावर लक्ष्मणराव किर्लोस्करांनी नांगरांचा कारखाना मांडला; ती किर्लोस्करवाडी आज सांगली जिल्ह्यात येते. 1922 मध्ये साताऱ्यात धनजीशा कूपर यांनी आपला कारखाना काढला. त्यांच्या नावाचा उद्योग साताऱ्यात आजही इंजिनांचे लायनर बनवतो. 6बीटी इंजिनं बनवणारी टाटा कमिन्स 1993 मध्ये जमशेदपूरला उभी राहिली, पुढे फलटणलाही तिचा कारखाना आला. अमेरिकेत हेच इंजिन 1989 पासून डॉजच्या मोठ्या पिकअपमध्ये बसवत होते. या इंजिनाचा पिस्टन, गॅसकेट, नोझल कराडमध्ये न मिळालं तर कोल्हापुरात मिळतं. पंपाला कॉम्प्युटर नाही. पंप-नोझलवाला टेस्ट बेंचवर लावून देतो. बोअर मारणारा, क्रँक घासणारा, हेडचं फेसिंग करणारा, सगळे एका दिवसाच्या वाटेवर. नवीचा बिघाड मात्र ज्याच्याकडे स्कॅनर त्याच्याच हातात.

हे मी पुतण्याला म्हणालोही. त्याचं उत्तर लागलीच आलं.

पुतण्या: बरोबर. पण या मिस्त्रींचा मुलगा काय करतो ते विचारा. पुण्यात कंपनीत आहे. क्रँक ग्राइंडिंगवाल्याकडे मशीन जुनं, कारागीर साठीचा. तुमचा हा एका दिवसाच्या वाटेवरचा बाजार आणखी किती वर्षं टिकेल? त्यात डुप्लिकेट माल! खोकं नामांकित कंपनीचं आणि आतला पिस्टन कुठला ते देवाला माहीत.

मिस्त्री: खोटं नाही बोलत पोरगं.

अण्णा: आमच्या हयातीपुरतं टिकंल.

पुतण्या: तुमच्या हयातीपुरतं ट्रक ठेवायचा, मग माझ्या गळ्यात? आणि धुराचं काय? कर्करोगावर काम करणाऱ्या जागतिक आरोग्य संघटनेच्या संस्थेने 2012 मध्येच सांगितलंय, डिझेलच्या धुराने माणसाला कॅन्सर होतो. ही 2007 ची गाडी. बीएस-6 लागू झालं 2020 च्या एप्रिलात. मधल्या काळात नियम कुठल्या कुठे गेले. रात्रभर कारखान्याच्या रांगेत इंजिन चालू ठेवून बसता, शेजारच्या गाडीखाली ऊसतोड मजुराची पोरं झोपलेली असतात.

या मुद्द्यावर अण्णांकडे उत्तर नव्हतं, आणि माझ्याकडेही नाही. पंप नीट लावला, नोझल चांगले असले, एअर फिल्टर साफ असला, तर काळा धूर बराच कमी होतो. पण बीएस-6 च्या गाळणीची बरोबरी ही गाडी कधी करणार नाही. जुनी गाडी ठेवणाऱ्याने हे स्वतःपासून लपवू नये. रांगेत इंजिन बंद ठेवणं तरी त्याच्या हातात आहे. चांगला सेल्फ आणि चांगली बॅटरी हवी, एवढाच त्याचा खर्च.

नंतर बोलणं कामावर आलं, आणि पुतण्याने वहीच काढली. वाद हरल्यासारखा तो वागत नव्हता. आता तो अटी घालत होता.

पुतण्या: इंजिन करायचं तर हे सगळं लिहून. रेडिएटरचा कोअर नवा. पाण्याचा पंप नवा, सगळे होज पाईप नवे. थर्मोस्टॅट बसवायचा. पाण्याऐवजी कूलंट. आणि तापमान वाढलं की केबिनमध्ये वाजणारा बझर.

अण्णा: बझर कशाला? काटा हाय की.

पुतण्या: काटा होता खंबाटकीतही.

मिस्त्री: क्रँक घासला तर कोपऱ्याची गोलाई तशीच राखली पाहिजे, नाहीतर तिथनंच तुटतो. ते मी बघून घेतो. हेडचे बोल्ट टॉर्क पान्यानं आवळनार, हाताच्या अंदाजानं नाही. पन गाडी ताब्यात गेल्यावर तुमच्या डायवरानं पहिल्या दिवशी ती नुसती चालू करून ठिवायची नाही. नव्या होन केलेल्या भिंतीवर रिंगा बसायला बेताचं लोड लागतं. नुसती गुरगुरत ठिवली की भिंती गुळगुळीत होतात, मग आयुष्यभर ऑईल खाती. आनि हजार किलोमीटरला पहिलं ऑईल बदलायचं.

अण्णा: बेताचं लोड म्हंजी? हळद?

मिस्त्री: हळद चालंल. पत्रा नाही.

पुतण्या: पत्रा पुन्हा कधीच नाही. पुण्याची भाडी बंद. उन्हाळ्यात उभी राहिली तर राहू दे. लांबचं लोड आलं तर आमच्या साताऱ्याच्या गाडीला देऊ, कमिशन तुम्हाला.

अण्णांना हे जड गेलं. भाडं सोडणं त्यांच्या अंगवळणी नाही. पण पाच लाखांच्या हप्त्यासमोर ते कमिशन वाईट नव्हतं, आणि पुतण्याने नव्या गाडीचा हट्ट सोडला होता. निदान येता हंगाम संपेपर्यंत.

पुतण्या: आणि वीस वर्षं पूर्ण झाली की पुन्हा हिशेब मांडायचा. फिटनेसला 25,000 भरायचे की नाही, ते तेव्हा बघू.

अण्णा: तवाचं तवा.

मिस्त्री: पिस्टन-रिंगा मागवायला ॲडव्हान्स लागंल.

पुतण्या: बिल जीएसटीचं पाहिजे. आणि खोकी माझ्यासमोर फोडायची.

अण्णा: बोअर मारायला कुठं देनार? मी येतो. हितं बसून काय करू?

मिस्त्री: या की. पन तिथं खुर्चीत बसायचं आनि गप ऱ्हायचं. मागल्या टायमाला तुमी इतकं बोललात, की पोरानं माप दोनदा चुकीचं घेतलं.